गासडीतल्या चिठ्ठ्या

ज्या दिवसांत सगळ्या वऱ्हाडाची झोप उडाली होती, त्या दिवसांत मला कंटाळा येत होता. आज हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकदम भाव आला होता. बाजाराच्या दिवशी अमरावतीत गाड्यांची इतकी दाटी होई की रस्ता ओलांडायला गाड्यांखालून वाकून जावं लागे. कालपर्यंत अनवाणी फिरणारे गृहस्थ जरीचे जोडे विकत घेत आणि ते चावतात म्हणून हातात धरून चालत. कोणीतरी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, अशी बातमी होती. त्या शेंब्या मी पाहिल्या नाहीत. पाहिलेला माणूसही मला भेटला नाही. त्या माणसाला भेटलेले मात्र गावात पुष्कळ होते.

आमचं घर भिक्षुकीचं. वडिलांनी मला संस्कृत शिकवलं, पुढे शाळेत थोडं इंग्रजी झालं. चार काव्यं आणि इंग्रजांच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक वाचून माझी अशी समजूत झाली होती की आपल्या हातून काहीतरी मोठं होणार आहे. काय, ते त्या पुस्तकात नव्हतं. तोवर कापसाच्या एका कोठीत मला कारकुनी मिळाली.

काम असं. कापूस ठासून शिवलेल्या प्रत्येक गासडीच्या गोणपाटावर काजळ आणि तेलाच्या काळ्या रंगानं तीन गोष्टी काढायच्या: कोठीचं चिन्ह, ‘अमरावती’ ही अक्षरं, आणि ती गासडी ज्यानं तुडवली त्याची निशाणी. मग पुढची गासडी. मग तिच्या पुढची. चौथ्या आठवड्यात ‘अमरावती’ हा शब्द मला अर्थहीन दिसू लागला. सहाव्या आठवड्यात मी मुंबईला पळून जायचं ठरवलं, आणि सातव्या आठवड्यात आपण ते ठरवलं आहे याचाही मला कंटाळा आला. घरी जेवायला बसलो तरी पाय हलत असे. आई म्हणे, “अरे, ताट हलतंय.” रस्त्यानं जाताना मी विनाकारण झपझप चाले, आणि पोचलो की इतक्या लवकर का आलो म्हणून चिडे.

तेव्हा आमच्या कोठीत दाबाचं यंत्र नव्हतं. लाकडी चौकटीला माणसापेक्षा उंच गोणपाटाची पिशवी टांगायची, तिच्यात एक माणूस उतरायचा, वरून रुईचे पुंजके टाकत जायचे, आणि त्यानं ते पायांनी तुडवत तुडवत वर यायचं. बाहेरून पाहताना तो माणूस उगवल्यासारखा दिसे. आधी मुंडासं, मग मिशा, मग खांदे. प्रत्येक तुडवणाऱ्याची निशाणी वेगळी असे. कारण सरळ होतं. त्या भावाच्या दिवसांत गासडीत दगड, सरकी, भिजवलेली रुई घालून वजन वाढवणारे पुष्कळ होते, आणि गासडीत रुईखेरीज दुसरं जे काही निघेल त्याला तुडवणारा जबाबदार, असा कोठीचा कायदा होता. एकदा निशाणी बंद झाली की तो माणूस बाजारातून उठला.

मी बसत असे तिथे शेजारच्या चौकटीत एक कुणबी तुडवी. चाळिशीचा, उंच, शेत भावावर सोपवून हंगामाला कोठीवर येणारा. त्याची निशाणी डमरू. नऊ हंगामांत त्याची एकही गासडी परत आली नव्हती, आणि ही गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगे. वयानं तो माझ्याहून दुप्पट, तरी त्या काळच्या रीतीप्रमाणे मी त्याला अरेतुरे करी आणि तो मला ‘महाराज’ म्हणे. आता लिहिताना याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

एक दिवस पिशवीच्या तळातून आवाज आला.

“महाराज, बाहेर काय चालू हाय?”

“काही नाही.”

“काई नाई कसं? मले इथून नुसतं गोणपाट दिसते. तुमाले तं डोये हायत ना?”

“कुत्रं झोपलंय,” मी वैतागून म्हटलं.

“कोनतं? कायं का बांडं?”

मला पाहावं लागलं; अंगावर पांढरे चट्टे होते. “बांडं.”

“कोन्या कुशीवर?”

“डाव्या. झालं समाधान?”

“मंग कूस बदलली त्यानं. मी उतरलो तवा उजवीवर होतं.” पाय जरा थांबले. “आन तुमी म्हनता काई नाई.”

मी वाचलेल्या काव्यांत ऋतू होते, हत्ती होते, विरहानं वाळलेल्या स्त्रिया होत्या. कुत्र्याची कूस नव्हती. त्या माणसाचा मला राग आला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. “कुत्रं झोपलंय” हे उत्तर एकदा वापरून झालं होतं आणि तो शिळा माल घेत नसे. “हे काल झालं, महाराज. आजचं सांगा.” तेव्हा केवळ त्याचं तोंड बंद करायला म्हणून मी आवाराकडे पाहू लागलो.

पाहिलं तर कोठीचे मुनीम ढगाळ दिवशीही डोक्यावर छत्री धरवून घेत होते. उन्हाची अडचण नव्हती, छत्री नवी होती. एक गाडीवान आपल्या बैलाशी भांडत होता, आणि शिव्या देतानासुद्धा त्याला ‘अहो’ म्हणत होता. रुई निवडणारी एक बाई होती, तिला मी रोज म्हातारी समजत असे. एका संध्याकाळी तिनं पदरानं केस झटकले, रुई उडाली आणि आत काळे केस निघाले. ती माझ्याच वयाची होती. हे मी पिशवीत वाकून सांगितलं. मग तो म्हणाला, “आज चांगलं आनलं तुमी.”

“तुला कंटाळा येत नाही रे आत?” मी एकदा विचारलं. पुस्तकी माणसाला असं वाटतं की कष्टकऱ्याला कंटाळा नसतो.

“येते ना! काहून नाई येनार? पाय चालून राहिले आन डोक्स रिकामं. म्हनून तं तुमाले इचारतो. तुमी काय समजले, मी तुमच्यावर उपकार करून राहिलो?”

माझा कंटाळा गेला, असं कोणी समजू नये. ‘अमरावती’ अजून रोज काढायचं होतंच, पाय अजून हलत होता, मुंबई अजून डोक्यात होती. पण सकाळी घरून निघताना आज काय न्यावं, असा विचार असे. रोज काहीतरी नवं सापडायलाच पाहिजे, या घाईनं मी इतका अस्वस्थ होऊ लागलो की आधीची अस्वस्थता बरी वाटावी. फरक इतकाच होता की ही मी स्वतः पत्करलेली होती.

चिठ्ठ्यांची कल्पना त्याची. गाडीवानाचं ‘अहो’ ऐकून तो आत इतका हसला की चौकट हलली, आणि म्हणाला, “हे लिवून द्या एका कागदावर. मी घालतो रुईत. गासडी कुठं ना कुठं उघडनच. उघडनाऱ्याले समजन तरी, अमरावतीत मानसं रायतात.”

“विलायतेत मोडी कोण वाचणार?”

“नाई वाचलं तं नाई. तुमाले काय जवाब पायजे?”

जुन्या पत्राची एक पट्टी फाडून मी लिहिलं. पुढे रोज एक, आधी सांगून झालेल्या गोष्टींचीही. दिवसाच्या शेवटच्या गासडीत ती जाई. कायद्याची आठवण दोघांनाही होती. पण कायदा दगडासाठी, सरकीसाठी, पाण्यासाठी, वजन चोरणाऱ्यांसाठी, असा आमचा अर्थ होता. कागदाच्या पट्टीला वजन ते काय! नऊ हंगाम निष्कलंक तुडवणारा माणूस आणि चार काव्यं वाचलेला माणूस, दोघांनी मिळून ही चूक केली.

आगगाडी अजून वऱ्हाडाच्या पश्चिमेलाच होती. माल बैलगाड्यांनी अकोल्याला जाई, तिथे मोर्णा नदीच्या काठी तळावर सगळ्या कोठ्यांचा माल पाहणारा तपासणी साहेब बसलेला असे, आणि त्याच्या नजरेखालून गासड्या पुढे जात. तिथून परतलेल्या गाडीवानानं एक दिवस बातमी आणली. उतरवताना डमरूची एक गासडी फाटली, आतून कागद निघाला, म्हणून साहेबानं डमरूच्या सगळ्या गासड्या फोडल्या. सात कागद निघाले. डमरूवाल्याला हजर करायचा हुकूम होता.

मुनिमांनी मला बोलावलं.

“तू पण जा,” ते म्हणाले. “साहेबाच्या कारकुनाला ते मोडी लागत नाही. फार गिचमिड आहे म्हणतो. तुला वाचता येईल.”

माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाही धड लागत नसे, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुसरंही काही सांगितलं नाही.

गाड्यांबरोबर अकोल्याला पोचायला चार दिवस लागले. बडनेरा येईपर्यंत मी मनात तीन निवेदनं तयार केली. तिन्हींत मी निर्दोष होतो. तो माझ्याच गाडीवर, पाय खाली सोडून बसला होता आणि त्या प्रकरणाविषयी अक्षर बोलत नव्हता. शेवटी मीच म्हटलं, “निशाणी बंद केली तर काय करशील?”

“शेत हाय भावाकडं. पन भाऊ म्हनन, तुडवनं बी नाई जमलं ह्याले.” मग थोड्या वेळानं, “शेतातलं काम कोनाले बी येते, महाराज. चौकोनी गासडी कोनाले बी नाई येत.”

एवढंच तो बोलला. तिन्ही निवेदनं मला पुन्हा तपासून पाहावी लागली.

तळावर साहेबाचा तंबू होता, दोन झेंडे होते, आणि लाल पट्ट्याचा एक चोपदार होता. साहेब शिंकला तरी हा सावधान उभा राही. तंबूत गालिचा अंथरला होता. त्यावर साहेबाशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही, म्हणून बाकी सगळे कडेकडेनं, एका पायावर तोल सांभाळत, विहिरीच्या काठावरून चालल्यासारखे येत-जात. साहेब स्वतः पंचविशीचा, उन्हानं नाक सोललेला, सभ्य मुलगा होता. इतक्या थाटाचं काय करावं हे त्यालाही समजत नसावं.

मला कागद दिले. मी वाचू लागलो आणि दुभाषी एकेक वाक्य गंभीरपणे इंग्रजीत सांगू लागला. बांडं कुत्रं आज डाव्या कुशीवर झोपलं. मुनिमांनी ऊन नसताना छत्री धरवली. गाडीवानानं बैलाला ‘अहो’ म्हणून शिवी दिली. आपलीच वाक्यं परक्या जागी, परक्या माणसांपुढे, पुराव्यासारखी वाचणं ही शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही, पण असावी. रुई झटकणाऱ्या बाईची चिठ्ठी साहेबानं दुसऱ्यांदा वाचायला लावली. शेवटची अशी होती: “तुडवणारा म्हणतो, पिशवीतून आभाळ चौकोनी दिसतं. त्यात आज घार दोनदा आली.”

साहेबानं दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्यानं डमरूवाल्याकडे पाहिलं.

“हे कोणी लिहिलं?”

“मले अक्षर येत नाई, साहेब,” तो म्हणाला. “रुईसंगं उडून आले असतीन.”

तो माझ्याकडे पाहत नव्हता. मुद्दाम पाहत नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं, आणि गप्प राहायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी घेतला, हे इथे लिहून ठेवतो. मग म्हणालो, “अक्षर माझं आहे.”

चोपदार उगाच सावधान झाला.

“आत कशा गेल्या?”

“मी वरून टाकल्या. रुईच्या पुंजक्यांबरोबर. याला काही ठाऊक नव्हतं.”

खोटं छान जमलं होतं. साहेबाची मान हललीसुद्धा. तेवढ्यात माझ्या बाजूनं आवाज आला.

“खोटं हाय हे, साहेब.”

“अरे गप्प बस ना,” मी दातांतून म्हटलं.

“तुमी गप बसा, महाराज.” तो गालिच्याच्या अगदी कडेवर आला. “साहेब, माया पायाखाली रुई सोडून दुसरं काई पडलं आन मले समजलं नाई, असं होत नाई. खडा पडला तं मी सांगतो कोन्या बाजूनं पडला. ह्या चिठ्ठ्या मी घातल्या. मधात, सपाट, सुरकुती पडू न देता. काढनाऱ्याले इचारा, एक तरी चुरगयली होती का?”

एकही चुरगळली नव्हती. हे दुभाष्यानं खरोखर विचारलं आणि खरोखर इंग्रजीत सांगितलं.

साहेब बराच वेळ नाक खाजवत बसला. त्याला आम्हांला सोडायचं होतं, हे दिसत होतं. पण कोठीचा कायदा छापील होता, त्याची प्रत तंबूच्या खांबावर टांगलेली होती, आणि छापलेल्या गोष्टीपुढे साहेबाचंही काही चालत नसे. डमरू बंद झालं. तसा कागद वाटेतल्या सगळ्या कोठ्यांना जाणार होता. मला कामावरून काढलं. सहा चिठ्ठ्या चोपदारानं इतमामानं जाळल्या. सातवी साहेबाच्या खिशात गेली. कोणती, ते दिसलं नाही.

परतीला गाड्यांवर जागा मागायला तोंड नव्हतं, म्हणून पायीच निघालो. पहिला दिवसभर तो माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. दुसऱ्या दिवशी मीच तोंड उघडलं.

“मी तुला वाचवत होतो.”

“वाचवत नव्हते. बुद्दू बनवून राहिले होते.”

“निशाणी राहिली असती!”

“कोनाची राहिली असती? ज्याच्या पायाखाली काय पडलं ते त्याले समजत नाई, त्याची?” तो थांबला. “ते डमरू माया कोन्या कामाचं, सांगा तुमी?”

त्यानंतर आम्ही बरेच कोस भांडलो, आणि खरं सांगायचं तर ती चाल मला बरी वाटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाच्या तरी चालीनं चालत होतो.

मूर्तिजापुरात एका दुसऱ्या कोठीपुढे गाड्या खोळंबल्या होत्या. रुईचे ढीग पडले होते आणि चौकटी रिकाम्या. तुडवणारे जास्त मजुरीच्या मागे दुसरीकडे पळाले होते. बंदीचा कागद आमच्या आधी पोचला होता. तिथल्या अडत्यानं तो वाचला, ढिगांकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

“यात लिहिलंय, डमरू बंद,” तो म्हणाला. “माणूस बंद असं कुठं लिहिलंय? दुसरी निशाणी घे आणि उतर. आणि हे कोण?”

“निशाणी काढणारे हायत,” डमरूवाला म्हणाला. “खोटं बोलता येत नाई, बाकी बरे हायत.”

मला कुंचला मिळाला. पण नव्या निशाणीची गोष्ट सोपी नव्हती. नवी निशाणी म्हणजे नवा माणूस. नऊ हंगाम पुसले गेले. अनोळखी निशाणीची गासडी पुढच्या तळावर सर्वांत आधी फोडतात, हे आम्हांला दोघांनाही माहीत होतं.

“कमळ काढू?” मी विचारलं.

“कमय कोनी पाह्यलं इथं?”

“शंख?”

“मी काय देवयात बसून राहिलो?”

“मग सांग तू.”

त्यानं सगळं आवार निवांत पाहून घेतलं. अडत्या ओरडत होता, गाडीवान ओरडत होते. हा पाहत होता. शेवटी त्यानं लिंबाच्या खोडाला टेकवून ठेवलेल्या एका मोडक्या चाकाकडे बोट केलं. त्याचा एक आरा गेला होता.

“ते काढा.”

“तुटकं चाक? लोक हसतील.”

“हसू द्या. हसतीन तं पाह्यतीन.”

मी काढलं. त्यानं डोकं वाकडं करून पाहिलं. “आरा कुठून तुटला ते पाहा ना, महाराज. तुमी मधातून तोडला. तो तुंब्यापासून गेला हाय.” मी झाडापर्यंत जाऊन आलो. खरंच, आरा पार चाकाच्या मधल्या लाकडापासून उखडला होता. दुसऱ्यांदा काढलं. आता चाक लहान झालं होतं. तिसऱ्यांदा काढलेलं त्याला पटलं. त्यानं मुंडासं आवळलं आणि तो पिशवीत उतरला.

हंगाम संपला तसा मी तिथून निघालो. कंटाळा आला होता. पुढेही ठिकठिकाणी येत राहिला, आणि मी काही शहाणा झालो नाही. पण निघण्याच्या आठवड्यात अकोल्याहून गाडीवान परत आले, तेव्हा त्यांना मी सगळ्यांआधी गाठलं.

“तुटक्या चाकाच्या? हो, फोडल्या की,” एक म्हणाला. “पहिल्या दोन. पार तळापर्यंत.”

“मग?”

“मग काय? रुई होती. इतकी घट्ट की सुरी फिरेना. पुढच्या नाई फोडल्या.”

हे मी पिशवीत वाकून सांगितलं. आत पाय थांबले नाहीत. “हे तं मले ठाऊकच होतं, महाराज, आजचं सांगा.”